काचेतला डावखुरा

यंदा ज्वारीची काढणी, शिमगा आणि विश्वचषक एकमेकांच्या अंगावर पडतच आले. साताऱ्यात आमच्या घरामागे एक मोकळा प्लॉट आहे. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला उसाची चिपाडं तिथं आणून टाकतो आणि वाळली की पेटवून देतो. परवा तो धूर खिडकीतून आत आला तेव्हा टीव्हीवर उपांत्य सामन्याची नाणेफेक चालली होती. खोली माणसांनी भरलेली होती. सून मनीषा म्हणाली, खिडकी लावा, आबांना खोकला येईल. मी म्हटलं, राहू दे. तो वास माझ्या ओळखीचा होता. चिपाडाचा धूर, मळीचा आंबूस गोड दर्प आणि कपड्यांवर उतरणारी काजळी. माझी सगळी नोकरी त्या वासात गेली. त्यात क्रिकेट मिसळलं की मला सुमन आठवते, आणि ती आठवण सुखाची नाही.

सुमन माझी बायको. तिला जाऊन काही वर्षं झाली. तिच्याबद्दल आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. हसत सांगितली जाते, पाहुण्यांना आवर्जून सांगितली जाते. ती गोष्ट खोटी आहे, आणि हे फक्त मला माहीत आहे.

मी कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो. सांगलीपासून फार लांब नव्हे. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार ओढ्यापर्यंत जायची. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज झोपेतही थांबत नसे. मग उन्हं तापायला लागली की गाड्या विरळ व्हायच्या, आणि एका सकाळी भोंगा वाजायचाच नाही. त्या शांततेनं कान दुखायचे. वसाहतीतल्या बायका त्या दिवशी पांढरे कपडे बाहेर वाळत घालायच्या, कारण तोवर काजळीमुळं कुणाची हिंमत नसे. सुमन दोरीवर माझे सदरे झटकून टाकायची आणि म्हणायची, सुटलो बाई. काही वर्षी नेमक्या त्याच दिवसांत विश्वचषक यायचा. हंगाम संपल्यामुळं आम्हा काट्यावरच्या माणसांना रिकामपण असायचं, आणि रिकामा माणूस एखाद्या गोष्टीला जीव लावतो तसा कामातला माणूस लावत नाही.

मी मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. आमच्याकडं पावसाचा भरवसा नाही. आभाळ भरून येतं, वारा सुटतो, म्हातारी माणसं अंगणातली वाळवणं आत घेतात, आणि ढग खाली फलटणकडं निघून जातात. कधी कुणी आशा सोडलेली असताना असा कोसळतो की बांध फुटतात. ज्यानं असं आभाळ बघत बालपण काढलं त्याला आपल्या क्रिकेटच्या संघाची सवय व्हायला वेळ लागत नाही. हातातला सामना घालवायचा आणि गेलेला सामना ओढून आणायचा, ही त्यांची जुनी रीत. भरवशाचा संघ असता तर मी इतका अडकलो असतो का, शंका आहे. जिंकणारच असं ठाऊक असलेल्या संघाला आपली गरज नसते. ह्या संघाला मात्र आपली गरज आहे, आपण इथं नीट बसलो नाही तर तिकडं त्यांचं काही खरं नाही, असं मला मनापासून वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

आणि माणातली आणखी एक गोष्ट माझ्याबरोबर आली होती. पाऊस पडला नाही की गावात कुणाच्या तरी पायाचा दोष निघायचा. आमच्या वस्तीवर एक बाई होती. पेरणीच्या दिवसांत तिला बांधावर येऊ देत नसत. तिफण चालायला लागली की ती आपण होऊन घरात जाऊन बसायची, दार पुढं ओढून घ्यायची. मी लहान होतो. दार ओढल्याचा आवाज मी ऐकलाय. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून आभाळाला दोष देता येत नाही, म्हणून माणूस शोधतात, एवढं कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

सुमन सांगलीची. तिचे वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. अडतीत फळीवर एक रेडिओ होता. शाळा सुटली की ती तिथं जायची आणि हळदीच्या पोत्यावर बसून धावतं वर्णन ऐकायची. तिनं मैदान कधी पाहिलेलं नव्हतं, पण गली कुठं, स्क्वेअर लेग कुठं, हे ती डोळे मिटून दाखवायची. तळहात कायम पिवळे. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा बोललो तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला होता, तुमच्याकडं रेडिओ आहे का. मी नाही म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, घेऊ या. आमच्या संसारातली पहिली वस्तू तो रेडिओ. पहिली काही वर्षं आम्ही दोघं शेजारी बसून ऐकायचो. ती कानाला लावायची आणि मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचो, चौकार की बाद.

मग टीव्ही आला आणि घर माणसांनी भरायला लागलं. वसाहतीत आमचा टीव्ही मोठा. काट्यावरचा हणमंत, ज्याला मी आजही हणमा म्हणतो, तो सामन्याच्या दिवशी सकाळपासूनच येऊन बसायचा. असाच एक सामना चालला होता. सुमन चहा घेऊन बाहेर आली आणि विकेट पडली. रिकामे कप न्यायला आली, दुसरी पडली. हणमा मांडीवर थाप मारून म्हणाला, "वैनी, तुमी तेवढं आतच बसा. तुमचा पाय लागतोय."

सगळे हसले. सुमनही हसली, ट्रे हातात तसाच. तिला वाटलं असेल की मी काहीतरी बोलेन. मी बोललो. मी म्हणालो, "खरंच, तू आत थांब जरा."

तो सामना आम्ही जिंकलो. तिथंच सगळं बिघडलं. हरलो असतो तर ती थट्टा तिथंच विरली असती. जिंकल्यावर थट्टेचा नियम झाला. पुढच्या सामन्याला ती आपण होऊन आत गेली. आमचा संघ बेभरवशाचा होता, त्यामुळं आम्हाला भरवशाची एक गोष्ट मिळाल्याचा केवढा आनंद झाला. मी ही गोष्ट काट्यावर सांगितली, पाहुण्यारावळ्यांत सांगितली. नितीन, आमचा मुलगा, त्याच गोष्टीवर वाढला. आई बाहेर आली की विकेट पडते, हे त्याला पाढ्यांइतकं पाठ होतं. तो लहान असताना सामना रंगात आला की पळत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवे हात करून उभा राहायचा. सुमन त्याच्या केसांवरून हात फिरवून मागं फिरायची.

आत तिनं स्वतःसाठी एक काम शोधून काढलं होतं. महत्त्वाचा सामना असला की ती देव पाण्यात ठेवायची. लोक म्हणीत म्हणतात, ती खरोखर ठेवायची. देव्हाऱ्यातला पितळी गणपती तांब्याच्या पातेलीत बुडवायचा, शेजारी पाट मांडून बसायचं, आणि निकाल लागेपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही. जिंकलो की गणपती पुसून जागेवर, गूळखोबरं. हरलो की तो बिचारा नुसताच पुसून जागेवर. अधूनमधून तिचा आवाज बाहेर यायचा, "किती झाले?" कुणीतरी आकडा ओरडायचं. थोड्या वेळानं पुन्हा, "किती झाले?" हणमा वैतागायचा. "वैनी, कितीदा सांगायचं वं?" मीही वैतागायचो. ज्याला खेळ कळतो त्यानं दर षटकाला काय विचारायचं, असं वाटायचं.

मला आठवतो तो हंगाम माझ्या नोकरीचा शेवटचा. गाळप लवकर आटोपलं होतं, ऊस कमी होता. विश्वचषक आपल्याकडंच होता. निरोपाचे नारळ, शाली, हार असं सगळं चाललं होतं आणि माझं लक्ष त्यात नव्हतं. काट्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना मला वाईट वाटायला हवं होतं, मी मात्र घरी कधी पोचतो ह्याच घाईत होतो. आमच्या खोलीतल्या बैठका ठरलेल्या होत्या. टीव्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलेला, त्याच्या शेजारी आत जायचं दार. आम्ही सगळे टीव्हीकडं तोंड करून सतरंजीवर. आमच्या पाठीमागच्या भिंतीला काचेचं कपाट, त्यात नितीनची बक्षिसं आणि न वापरलेला कपबशांचा सेट. एकदा विकेट वाचली की कुणी जागा सोडायची नाही. हणमाच्या पायाला मुंग्या येऊन तो रडकुंडीला यायचा, पण हलत नसे. सुमन दाराच्या आत, अंधारात, पातेलीशेजारी. तिचे डोळे मला दिसायचे. ती माझ्याकडं बघते असं मला वाटायचं. माझ्या डोक्याच्या जरा वरून बघायची, एवढंच.

एका सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. मी दाढी करत होतो. ती सहज म्हणाली, "काल तो डावखुरा काय सुंदर खेळला हो. कव्हरमधून मारला तो फटका तर बघतच राहावा."

मी म्हटलं, डावखुरा? काल डावखुऱ्याला भोपळाही फोडता आला नव्हता. खेळला तो उजव्या हातानं खेळणारा. ती भाकरीवर पाणी फिरवत होती, तिचा हात क्षणभर थांबला. म्हणाली, हो का, ऐकण्यात चूक झाली असेल.

मी वस्तरा गालाला लावला आणि आरशात बघितलं. उजव्या हातातला वस्तरा समोरच्या माणसाच्या डाव्या हातात होता. साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो. ती मागच्या दारी राख टाकायला गेल्यावर मी टीव्ही लावला, आत जाऊन तिच्या पाटावर बसलो आणि समोर बघितलं. कपाटाच्या काचेत आख्खा टीव्ही दिसत होता. बातम्या लागल्या होत्या. बातम्या देणारी बाई स्वच्छ दिसत होती. खालची अक्षरं उलटी होती, आकडे उलटे होते, काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं.

म्हणून ती विचारायची, किती झाले.

किती वर्षं ती असं बघत होती, मला माहीत नाही. कपाट तिथं आल्यापासून असेल. सगळे डावखुरे तिला उजवे आणि सगळे उजवे डावखुरे. मैदान उलटं, खेळाडूंची नावं वाचता येत नाहीत, आणि आवाज भिंतीपलीकडून. तेवढ्यात ती समाधानी होती. मला त्या पाटावर बसून गलबलून आलं. ते मी गालावरच्या साबणासकट पुसून टाकलं आणि कुणाला काही बोललो नाही.

शेवटच्या सामन्याला मी टीव्ही अर्धाच बघितला. उरलेला वेळ मी तिच्याकडं बघत होतो. सुरुवातीलाच गडी बाद झाला तेव्हा तिनं पदर तोंडात धरला. मग खेळ सावरला, हणमा श्वास रोखून बसला, आणि आत सुमन हळूहळू गुडघ्यांवर उठली. विजयाचा फटका हवेत गेला तेव्हा आम्ही सगळे उड्या मारून उठलो, त्यामुळं तिला काच दिसेनाशी झाली असणार. ती मान वाकडी करून माणसांमधली फट शोधत होती. तिनं पातेलीतून गणपती केव्हाच काढला होता आणि ओल्या मुठीत छातीशी धरला होता. पाणी तिच्या कोपरावरून खाली ठिबकत होतं.

वसाहतीत फटाके लागले. हणमा मला मिठी मारून आत वळला आणि ओरडला, "वैनी, आख्खा सामना आत बसला म्हनून कप आला बघा. लय उपकार झालं."

सुमननं माझ्याकडं बघितलं. गणपती अजून मुठीत होता. ती पकडली गेली आहे हे तिला ठाऊक होतं का, मी सांगू शकत नाही. मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. हिनं चेंडू न् चेंडू बघितलाय आणि तरी आपण जिंकलोय. एवढंच. सगळे हसले असते, हणमानं तिला बाहेर ओढून टीव्हीसमोर बसवलं असतं, बक्षीस समारंभ तरी तिनं सुलटा पाहिला असता. मी म्हणालो, "खरं आहे हणमा. तिच्यामुळंच."

असं का म्हणालो, ह्याचा विचार मी खूप केलाय. थट्टा मोडवेना, हे एक. आणि दुसरं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पुढच्या वेळी हरलो तर मला कुणीतरी लागणार होतं.

पुढच्या वेळी हरलोच. तोवर आम्ही साताऱ्याला नितीनकडं राहायला आलो होतो. बैठक तशीच मांडलेली होती, टीव्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला, कपाट समोर. सुमननंच ते तसं ठेवायला लावलं होतं, आणि का ते मला कळलं होतं. त्या विश्वचषकात आपण एकेक सामना असा खेळलो की वाटावं, आता ह्यांना कुणी हात लावत नाही. आणि उपांत्य सामन्यात होत्याचं नव्हतं झालं. एक गेला, दुसरा गेला, मग खळ्यावरच्या भुसकटासारखे उडत गेले. मी टीव्ही बंद केला. मागं वळलो तर काचेत स्वयंपाकघराचं दार दिसलं आणि दारात सुमन. ती माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे भरले होते. तीही हरली होती, माझ्याइतकीच, पण मला ते दिसलं नाही. मला दिसली ती काच.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून स्प्रिंग आणि निळं कापड आणलं आणि कपाटाला पडदा लावला. ती चहा घेऊन आली. पडद्याकडं बघितलं. मी म्हणालो, फार धूळ बसते काचेवर.

"बरं केलंत," ती म्हणाली. "फार बसते धूळ."

त्यानंतर आमच्या घरात सामन्याच्या वेळी कुणी "किती झाले" असं विचारलं नाही. ती आत बसायची, देव पाण्यात ठेवायची, आमच्या ओरडण्यावरून काय ते समजून घ्यायची. नितीनला वाटायचं, आईचा रस कमी झाला. दर दिवाळीला तो पडदा ती स्वतः काढायची, धुवायची, इस्त्री करायची आणि पुन्हा लावायची. मी खुर्चीत बसून तिला तो लावताना बघायचो. एखाद्या वर्षी ती विसरेल, असं मला वाटायचं. ती विसरली नाही, आणि राहू दे, असं मीही म्हणालो नाही.

शेवटी मिरजेला दवाखान्यात ठेवलं. तिचा भाऊ सांगलीत असल्यामुळं सोयीचं होतं. विश्वचषक परदेशात चालला होता. वॉर्डमध्ये तिच्या खाटेच्या बरोबर समोर भिंतीवर टीव्ही होता. सामना लागला तसे सगळ्या रोग्यांचे नातेवाईक तिथं गोळा झाले. सुमननं भिंतीकडं तोंड फिरवलं. परिचारिकेला वाटलं तिला आवाजाचा त्रास होतोय. तिनं विचारलं, बंद करू का मावशी? सुमन म्हणाली, नको, चालू दे.

मी वाकून म्हणालो, "सुमन, बघ की. समोरच आहे."

"नको. चांगलं चाललंय ना?"

"चांगलं चाललंय. पाठलाग जमतोय."

मग भिंतीकडं तोंड ठेवूनच, कित्येक वर्षांनी, तिनं विचारलं, "किती झाले?"

मी म्हणालो, "तूच बघ. इथून आकडे सुलटे दिसतात."

तिनं मान वळवली. आधी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. तिला कळलं की मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. आणि मग ती हळूच टीव्हीकडं वळली. गोलंदाज धावत येत होता. मी तिच्याकडं बघत राहायला हवं होतं. पण सामना ऐन भरात होता, माझेही डोळे तिकडं गेले. चेंडू पडला, आणि दांडी उडाली.

माझ्या तोंडून आलं, "च्च."

एवढंच. एक शब्दही नाही. सगळा वॉर्ड हळहळला होता, त्यात माझा तो आवाज कुणाला ऐकूही गेला नसेल. तिला गेला. तिनं तोंड पुन्हा भिंतीकडं केलं. "बघा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. थोड्या वेळानं म्हणाली, तुम्ही चहा घेऊन या, सकाळपासून काही घेतलं नाही तुम्ही. मी चहाला गेलो. आपण तो सामना हरलो आणि स्पर्धेतून बाहेर पडलो. त्यानंतर ती थोडेच दिवस होती, आणि त्या दिवसांत आपला एकही सामना नव्हता, की मी तिला पुन्हा म्हणावं, बघ.

आता ह्या वर्षीचं. तिचा फोटो आमच्या घरात टीव्हीशेजारी, स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे. परवाच्या उपांत्य सामन्यात मधली षटकं आपल्याला जड जायला लागली. नितीन आता पन्नाशीकडं आलाय, पण सामना बघताना तो माझ्याहून वाईट. उठला आणि म्हणाला, "आई बघतीय, म्हणून चाललंय हे," आणि त्यानं फोटो उलटा करून टांगला, चेहरा भिंतीकडं. सगळे हसले. मनीषाला ते रुचलं नाही. तिनं विचारलं, "आबा, तुम्हाला चालेल का हे?"

मी म्हणालो, "चालेल."

आणि आपण जिंकलो. नितीननं सगळ्यांना बजावलं, आता फायनलपर्यंत त्या फोटोला कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून फोटो तसाच आहे. मागचा तपकिरी पुठ्ठा आणि चौकटवाल्याचं मळकं लेबल, एवढंच दिसतं. मनीषा सकाळी उदबत्ती फिरवते ती त्या पुठ्ठ्याला. तिचा हात तिथं अडखळतो. मग ती माझ्याकडं बघते आणि मी पेपर वर धरतो.

आज फायनल आहे. सकाळी हणमाचा फोन आला. तो गावाकडं असतो, गुडघे गेलेत, पण मोठ्या सामन्याच्या दिवशी त्याचा फोन चुकत नाही आणि पहिला प्रश्नही चुकत नाही. "काय गड्या, वैनी आत हायत न्हवं?" ती गेल्यावरही तो तेच विचारतो. त्याला वाटतं, अशानं मला बरं वाटतं.

आज मी म्हणालो, "हणमा, ती बघत होती."

"आँ?"

"आपल्या त्या फायनलला. कपाटाच्या काचेतून. पहिल्या चेंडूपासून शेवटापर्यंत."

त्याच्याकडं कोंबडं आरवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "व्हय?"

"व्हय. मला तवाच ठावं हुतं." त्याच्याशी बोलताना माझी भाषा अजून गावाकडं जाते.

मग अगदी हळू, लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मग आपुन जिंकलो कसं रं?"

मी म्हणालो, "खेळलं म्हनून."

त्यानं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. शेवटी तो म्हणाला, "वैनीला मीच पयल्यांदा बोललो हुतो गड्या." मी म्हणालो, तू एकदा बोललास. पुढचं सगळं माझं.

नितीन, मनीषा, हे तुम्ही वाचाल तेव्हा निकाल लागलेला असेल. तोंडानं सांगायला गेलो तर मी रडेन आणि तुम्ही मला पाणी आणून द्याल, आणि गोष्ट तिथंच राहील. म्हणून लिहिलं. तुमच्या आईच्या पायात काही नव्हतं. ती नसतानाही आपण हरत होतो, ती बघत असतानाही जिंकलो, आणि हे माहीत असलेला माणूस रोज तुमच्यासमोर बसून चहा पीत होता.

तुम्ही सगळे बाजारात गेला आहात. मी फोटो सुलटा केलाय. एवढं सगळं लिहूनही मनात आलं, आज हरलो तर? पन्नास वर्षांची खोड अशी जात नाही. तिच्या चष्म्यावर धूळ होती, ती पुसली. मग स्टुलावर चढून कपाटाचा पडदा काढला. स्प्रिंगला गंज चढलाय. काचेत आधी मी दिसलो, मग माझ्यामागं दार, आणि दाराशेजारी ती.

आज संध्याकाळी विकेट पडली तर तुम्ही म्हणाल की म्हाताऱ्यानं पडदा काढला म्हणून पडली. माझ्या नावावर खुशाल घाला. मी जागेवरून हलणार नाही. फक्त तिला काचेत आकडे उलटे दिसतात, म्हणून दर षटकाला किती झाले ते मी मोठ्यानं सांगणार आहे. कुणी विचारलं नाही तरी.